यांच्या बोलण्याचा कॉम्प्युटर

यांचं बोलणं बिघडलंय हे घरात कोणी म्हणण्याआधी केबिन रोडवरचा भाजीवाला म्हणाला. सकाळी हे मेथी आणायला गेले होते. जुडी मागताना जीभ जड झाली, शब्द एकमेकांत मिसळले. भाजीवाल्याने हसून अंगठा तोंडाकडे नेला आणि विचारलं, "क्या अंकल, सुबह सुबह?" हे मेथी न घेताच परत आले. चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "मी प्यायल्यासारखा बोलतोय का गं?"

मी नाही म्हटलं. पण ते वाक्य नीट कळायला मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं होतं.

त्याआधी हातातून कप सुटला होता, शर्टाचं वरचं बटण लागेनासं झालं होतं. वय झालं, असं आम्ही म्हणत होतो. मग तपासण्या सुरू झाल्या. मी स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. रोज कितीतरी लोकांचं रक्त काढते, रिपोर्ट हातात देते. पण हा आजार रक्तात सापडणाऱ्यातला नव्हता. डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढला, पाठीचा कणा काढला, त्यातून हाताकडे जाणारी एक रेघ काढली आणि ती मधेच थांबवली. स्नायूंना निरोप पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरतात, असं सांगितलं. बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहते. डॉक्टरांनी ते दिलासा दिल्यासारखं सांगितलं. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "म्हणजे सगळं कळत राहणार."

हे मुंबईतल्या एका हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळायचे. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला फ्लॅट घेतला तेव्हापासून त्याच नोकरीत होते. सगळी यंत्रं लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या एका प्रणालीवर चालणारी. त्यातलं मला एवढंच माहीत होतं की ऑफिसातली तरुण मुलं यांना 'जुनं ते सोनं' म्हणायची, कारण नवीन आवृत्ती आली की हे लगेच कधीच टाकायचे नाहीत. एकदा घरी जेवायला आलेला यांचा एक सहकारी त्यावरून थट्टा करत होता. हे ताकाची वाटी खाली ठेवत म्हणाले, "आयसीयूतल्या पेशंटचा रिपोर्ट अडकला तर नवीन रंगाची खिडकी दाखवून त्याच्या नातेवाइकांना गप्प करणार का तू?"

निदान झालं त्याच आठवड्यात यांनी घरचा कॉम्प्युटर उघडून बसवायला घेतला. बोटं चालत होती तोवर काम उरकायचं होतं. टेबलावर स्क्रू, वायर, एक छोटं बटण. ते बटण बोटाखाली ठेवायचं. पडद्यावर कीबोर्ड दिसणार, त्यातली एकेक ओळ आपोआप उजळत जाणार. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक उजळणार, हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. असं वाक्य जुळलं की कॉम्प्युटर ते मराठीत मोठ्याने वाचणार. बोलणं पूर्ण बंद झाल्यावर हे असं बोलणार होते.

मी म्हटलं, "अहो, करतायच तर लिनक्स सगळ्यात नवीन टाका ना. मोबाइल घेताना नवीनच घेतो की आपण."

"नवीन नको." तेव्हा यांचे शब्द अजून मला कळत होते. "नवीन आवृत्तीत पडद्यावर चित्र उमटवायची पद्धतच बदललीये. हा कीबोर्ड जुन्या पद्धतीवर चालतो. नवीनमध्ये तो नुसता दिसेल, दाबला जाणार नाही. म्हणून आधीची घेतोय. एलटीएस. म्हणजे जिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात ती. दोन वर्षं लोकांनी वापरून झालीये, खड्डे बुजवून झालेत. अजून तीन वर्षं तिचा कोणी हात सोडणार नाही."

हातातल्या पेचकसाकडे बघत म्हणाले, "मला तेवढी लागणार नाहीत."

एखाद्याने बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी कुकर बघायला आत गेले. कुकर लावलेलाच नव्हता.

त्यानंतर यांनी मला शिकवायला सुरुवात केली. मी चांगली विद्यार्थिनी नव्हते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की माझा हात मागे यायचा. हे चिडायचे नाहीत. एका दुपारी म्हणाले, "तुमच्या लॅबमध्ये रसायनाची नवी बाटली आली तर काय करता?"

"आधी कंट्रोल चालवतो. ज्याचं उत्तर माहीत आहे असा नमुना. ते उत्तर बरोबर आलं तरच पेशंटचा नमुना लावायचा."

"आणि जुनी बाटली?"

"नवीची खात्री होईपर्यंत फेकत नाही."

"झालं. तुला सगळं येतंय."

मग मला ते खरंच यायला लागलं. कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल असलेली दुसरी डिस्क आम्ही केली आणि तिच्यावर लॅबमधलं लेबल चिकटवलं, 'राखीव'. मुलीचा कॉलेजातला जुना लॅपटॉप माळ्यावर पडला होता, तो खाली काढला. महिन्यातून एका रविवारी अपडेट करायचे, तेही फक्त सुरक्षेचे. आधी लॅपटॉपवर. काही दिवस त्यावर कीबोर्ड, बटण, आवाज सगळं नीट चाललं की मग यांच्या कॉम्प्युटरवर. त्याआधी तिथल्या सगळ्याची नोंद घेऊन ठेवायची, म्हणजे बिघडलंच तर होतं तिथे परत जाता येतं. अपडेट चालू असताना वीज गेली तर घात, म्हणून यूपीएसची बॅटरी भरलेली हवी. मी काय काय येतंय ते मोठ्याने वाचायचे आणि हे मान हलवायचे. मान हलेनाशी झाल्यावर बटणाने सांगायला लागले.

यांचं स्वतःचं बोलणं कधी संपलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. शेवटचा शब्द असा काही नव्हता. मला कळायचं, मग निम्मं कळायचं, मग नुसता आवाज यायचा. कॉम्प्युटरवरून यांनी मला पहिल्यांदा हाक मारली ती आठवते. मी पोळ्या करत होते. बाहेरून एक सपाट, कोरडा आवाज आला, "अगं." मी तवा तसाच ठेवून धावले. यांना काही नको होतं. फक्त चालतंय का बघत होते. चेहऱ्याचे स्नायू तेव्हा थोडे हलत होते, त्यामुळे हसलेले कळले.

तो आवाज मतदारयादी वाचल्यासारखा होता. "आमटीत मीठ कमी आहे" आणि "मला भीती वाटते आहे" ही दोन वाक्यं तो एकाच सुरात म्हणायचा. पहिलं ऐकून आम्ही हसायचो. दुसरं यांनी एकदाच लिहिलं.

समोरच्या गुजराती काकी दुपारी यांच्याजवळ बसायच्या, मी लॅबला असले की. त्यांना मराठी समजायचं, पण कॉम्प्युटरचं मराठी समजायचं नाही. त्या पडद्यावर वाचून हिंदीत उत्तर द्यायच्या. संध्याकाळी मला सांगायच्या, "आज बहोत बोले, भाभी. मेरी चाय की बुराई की." बोट थकलं तेव्हा आम्ही बटण गालाशी आणलं. मी ते मायक्रोपोर टेपने चिकटवायचे, आणि रोज काढताना कातडी ओढली जाऊ नये म्हणून आधी ओल्या कापसाने भिजवायचे. गालही थकला तेव्हा भुवईवर नेलं.

मुलगी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर पंधरवड्याला यायची. बाबांचा तो आवाज तिला सहन व्हायचा नाही. मी त्याला सरावले होते, ती नव्हती. एकदा आली ती ठरवूनच आली. म्हणाली, "बाबा, नवीन आवृत्तीत खूप चांगला मराठी आवाज बसतो. अगदी माणसासारखा. मी तिकडे ऐकलाय. करू का?"

मी यांच्याकडे पाहिलं. उत्तर मला माहीत होतं. आयुष्यभर ऐकत आले होते. ओळी उजळत राहिल्या, भुवई हलली, पुन्हा हलली, आणि कॉम्प्युटर म्हणाला, "कर."

"अहो, लॅपटॉपवर आधी..." मी म्हणाले.

"कर," पुन्हा तेच.

तिने माझ्यासमोर राखीव डिस्क कपाटात असल्याची खात्री केली, बाकी सगळं रीतसर केलं. तिला काम येत होतं. जेवणं झाल्यावर कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. सगळं सुंदर दिसत होतं. तिने आवाज बसवला, एक वाक्य लिहिलं आणि चालवलं. "नमस्कार, मी बाबा बोलतोय." खरंच माणसाचा आवाज. यांचा नव्हता, पण कोणा भल्या माणसाचा होता. मुलगी रडायला लागली. काकी दारातून म्हणाल्या, "अरे वा."

मग तिने बटण जोडलं. कीबोर्ड पडद्यावर आला. ओळी उजळत गेल्या. यांनी भुवई हलवली. ओळ पुढे गेली. पुन्हा हलवली. ओळ पुढेच गेली. बटणाची टकटक आम्हाला ऐकू येत होती, फक्त कॉम्प्युटरला कळत नव्हती.

ती दुपार उलटेपर्यंत झटत होती. याला विचार, त्याला विचार, कोणाकोणाला फोन. मला तिच्याकडे बघवेना आणि यांच्याकडेही. डोळे उघडे, सगळं कळतंय, आणि आत जे काही आहे ते आतच. शेवटी मी हाताने लिहिलेला अक्षरांचा तक्ता आणला. मी बोट फिरवायचं, हव्या त्या अक्षराला यांनी डोळे मिटायचे. यांनी फार लांब काही सांगितलं नाही. 'जुनी डिस्क' एवढंच.

कॉम्प्युटरचं झाकण मीच उघडलं. नवी आवृत्ती टाकलेली डिस्क काढली, राखीव बसवली, वायर घट्ट केली. पडदा उजळला तेव्हा तीच जुनी करडी खिडकी, तोच साधा कीबोर्ड. यांनी लगेच लिहायला घेतलं. आम्ही दोघी उभ्या होतो. बराच वेळ लागला. मग तो मतदारयादीचा आवाज म्हणाला, "बाळा, आवाज छान होता. मी ऐकला."

मुलगी यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसली. तिच्या केसांवरून फिरवायला यांना हात नव्हता. मी यांचा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

ती पुण्याला गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना चालणार नाही म्हणून?"

"हो."

"मग का करू दिलंत?"

"तिला काहीतरी करायचं होतं."

त्या संध्याकाळी मी 'राखीव' लेबल काढलं, कारण आता तीच डिस्क चालू होती, आणि तिची नवी नक्कल केली. काम करताना बरं वाटत होतं. त्या काळात जिथे काही दुरुस्त होऊ शकतं अशी घरात तेवढीच एक जागा होती.

श्वास कमी पडायला लागला तेव्हा डॉक्टर घरी आले. पुढे काय, ते ठरवायचं होतं. गळ्याला छेद देऊन कायमचं व्हेंटिलेटरवर ठेवलं तर आणखी जगता आलं असतं, हलता मात्र आलं नसतं, आणि भुवईही किती दिवस साथ देईल सांगता येत नव्हतं. डॉक्टर माझ्याशी बोलायला लागले. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा. ते बोलतात."

डॉक्टर खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. त्यांना घाई असणार, पण त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ओळी उजळत गेल्या. अक्षरामागून अक्षर जमत गेलं. मला 'म' दिसला, 'ला' दिसलं, आणि पुढचं सगळं मला तेव्हाच कळलं. तरी मी वाट पाहत उभी राहिले, कारण अजून वाक्य दुसरीकडे वळू शकत होतं.

"मला व्हेंटिलेटर नको. घरी राहायचं आहे."

"तुम्ही नीट विचार केलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"घरच्यांशी बोललात?"

यावर यांनी खूप वेळ घेतला. "तिला माहीत आहे. तिच्याकडून वदवू नका."

पुढे नातेवाईक आले, त्यांतले काही जण हळूच म्हणाले की बायकोने आणखी प्रयत्न करायला हवे होते. मी कोणाशी वाद घातला नाही. हा निर्णय माझ्या गळ्यात पडू नये म्हणून ते स्वतः बोलले होते, आणि त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला नव्हता. मला तेवढं पुरे होतं.

हे गेले ते सकाळी, काकी चहा घेऊन आल्या होत्या तेव्हा. मी यांच्या पायांना तेल लावत होते. श्वास आला, गेला, आणि पुढचा आला नाही. पडद्यावरच्या ओळी उजळत होत्या, एकीनंतर एक, वरून खाली, परत वरून. काकींनी आधी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, "भाभी, इसको बंद कर दूँ?" मी म्हटलं राहू दे. दुपारी माणसं जमल्यावर कोणीतरी बंद केला.

नंतरचे महिने मी फार कमी बोलले. लॅबमध्ये नाव, वय, उपाशीपोटी आहात का, एवढंच. कॉम्प्युटरवर कापड घातलं होतं. मुलगी म्हणाली, मी घेऊन जाऊ का? मी नको म्हटलं. का, ते मला सांगता आलं नाही.

मग एक दिवस उत्तनहून एक बाई सासऱ्यांचं रक्त तपासायला घेऊन आली. सासरे व्हीलचेअरवर, रापलेला, रुंद हाडाचा माणूस. आयुष्य होडीवर काढलेलं. मी दंडाला पट्टा बांधायला त्यांचा हात उचलला आणि तो हात मला ओळखीचा लागला. ते वजन, ती बोटं आत वळलेली. कातडीखाली स्नायू बारीक बारीक थरथरत होते. ते काहीतरी बोलले. सुनेला कळलं नाही. मला कळलं. त्यांना पाणी हवं होतं.

सून म्हणाली, "तुमाला कसा कलला? आमाला तं काय पन समजत न्हाय आता."

मी तिला घरचा नंबर दिला.

आठवडाभरात मी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. सुरू केल्यावर पहिल्यांदा अपडेटची सूचना आली, कितीतरी साचले होते. मी कीबोर्ड उघडला आणि 'अ' दाबला. हा कीबोर्ड लिहिणाऱ्याच्या सवयी लक्षात ठेवतो, पुढचा शब्द सुचवतो. वर पहिलाच शब्द आला, 'अगं'. 'च' दाबल्यावर 'चहा', आणि 'चहा'पुढे 'नको'. 'म' दाबल्यावर जे आलं ते मी वाचलं नाही, खिडकी बंद केली.

हे शब्द तसेच ठेवून तो कॉम्प्युटर दुसऱ्या घरी देणं शक्य नव्हतं. उत्तनच्या त्या माणसाला त्याचे शब्द हवे होते. मी डिस्क काढून मऊ फडक्यात गुंडाळली आणि यांच्या शर्टांच्या कप्प्यात ठेवली. दोन नव्या डिस्क आणल्या, एक चालवायला, एक राखीव. दुकानदार म्हणाला, "दीदी, लेटेस्ट वर्जन डाल देता हूँ, फ्री में." मी म्हटलं, "नहीं भैया, मैं खुद डालूँगी." घरी बसून तीच जुनी एलटीएस टाकली. तिची मुदत अजून बाकी होती. ती संपेपर्यंत नव्या पद्धतीवर चालणारा कीबोर्ड कोणीतरी नीट करेल, तेव्हा लॅपटॉपवर आधी तपासून बघू, असं ठरवलं. एवढं सगळं मी ठरवतेय आणि मला कोणाला विचारावं लागत नाहीये, हे लक्षात आलं तेव्हा मात्र हात थांबले. मग पुढचं केलं.

मुलीला बोलावलं. भाईंदर पश्चिमेहून राईमार्गे उत्तनची बस पकडली. कॉम्प्युटर तिच्या मांडीवर, पडदा माझ्या. त्यांच्या अंगणात मासळी सुकत होती, ती ओलांडून आत गेलो. मुलीने वायरी जोडल्या, मी टेप लावून बटण त्यांच्या बोटाशी बसवलं. सुनेला राखीव डिस्क दाखवली, ती कुठे ठेवायची ते सांगितलं, आणि पडद्यावर काहीही विचारलं तरी मला फोन केल्याशिवाय 'हो' म्हणायचं नाही असं दोनदा बजावलं. महिन्यातून एका रविवारी मी येईन, असंही.

म्हातारेबुवांनी बटण दाबून पाहिलं. पहिल्या प्रयत्नांत भलतीच अक्षरं पडली. चिडून त्यांनी मान फिरवली. मुलगी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि ओळ उजळण्याचा वेग कमी केला. "आता बघा, आजोबा. सावकाश."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. घरातली सगळी माणसं पडद्याकडे बघत होती. कॉम्प्युटर म्हणाला, "घरी कोन हाय."

सून म्हणाली, "आमीच हाव ना सगली, बाबा." त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. प्रश्न मला होता.

"ही मुलगी," मी म्हणाले. "ती पुण्याला असते. बाकी कोणी नाही. हा कॉम्प्युटर माझ्या नवऱ्याचा."

त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. मुलगी हलकेच अक्षरं सांगत होती. वेळ लागत होता, पण त्या घरात कोणी उठलं नाही. शेवटी तो आवाज म्हणाला, "जेवून जा."

सुनेने लगेच आत जाऊन भात लावला. आम्ही जेवून निघालो.